दोन हजेऱ्या : डांबलेल्या मुलांचा इतिहास शिकवताना

१

मराठी माणसाच्या इतिहासात तुरुंगाला मोठे मानाचे स्थान आहे. टिळक आणि आगरकर १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. म्हणजे मराठी मध्यमवर्गाने ज्या पुस्तकात आपले बालपण पाहिले, ते पुस्तकही तुरुंगातच जन्मले. परंतु ज्यांचे बालपणच कोंडवाड्यात गेले त्यांचे काय? डोंगरीच्या त्याच जुन्या तुरुंगाच्या जागेत पुढे मुलांचे रिमांड होम आले. १०१ दिवसांचा हिशेब आपल्या इतिहासाने बारकाईने ठेवला. त्यानंतर त्याच भिंतींआड ज्या पोरांनी महिने आणि वर्षे काढली, त्यांचा हिशेब ठेवावा असे कोणाला वाटले नाही. ती पोरे संपादक नव्हती, आणि त्यांच्या मागे वर्तमानपत्रही नव्हते.

मी तालुक्याच्या एका गावी इतिहास शिकवतो. आमच्या महाविद्यालयाला अकरावी-बारावीचे वर्ग जोडलेले आहेत आणि त्यांचे तासही माझ्याकडे असतात. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्यासमोर बसणारी मुले-मुली सोळा-सतरा वर्षांची : मातंग, बौद्ध, चर्मकार, कैकाडी, पारधी, धनगर, मराठा, मुसलमान. कायद्याच्या भाषेत ही सगळीच 'बालके' आहेत. गेली काही वर्षे मी त्यांच्याकडून एक काम करून घेतो. या देशात मुलांना डांबून ठेवण्याची व्यवस्था कशी उभी राहिली, कोणासाठी राहिली, आणि आपल्या भागाशी तिचा संबंध काय, हे त्यांनी स्वतः शोधायचे. या कामातून जे हाती लागले ते, विशेषतः जे शिक्षक आहेत आणि जे चळवळीत आहेत त्यांच्यापुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे. शासनाची सक्ती आपल्या मुलांपर्यंत आधी पोलिसाच्या रूपाने पोचली आणि शाळेच्या रूपाने फार उशिरा. माझे आजोबा आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगत, तेव्हा त्यांच्या तोंडी 'हजेरी' हा शब्द सतत येई. ती हजेरी शाळेची नव्हती, चावडीची होती. गावातल्या मांगांनी रात्री चावडीवर जायचे, आपण गावातच आहोत हे दाखवायचे, आणि परत यायचे. चोरी झालेली असो वा नसो. अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीत ही हजेरी आहे. शाळेची हजेरी आमच्या घरात त्यानंतर दोन पिढ्यांनी आली. आणि आजही ज्या मुलाचे नाव शाळेच्या हजेरीतून गळते, तेच नाव पोलिसांच्या हजेरीत सापडण्याचा धोका अधिक असतो. या दोन हजेऱ्यांचा इतिहास एकत्र वाचल्याशिवाय 'बालगुन्हेगारी' या शब्दाचा अर्थ कळणार नाही.

२

इंग्रजी अमलात मुलांसाठी झालेल्या आरंभीच्या कायद्यांपैकी एक म्हणजे १८५० चा अप्रेंटिस कायदा. अनाथ, निराधार आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना धंदा शिकण्यासाठी करार करून एखाद्या मालकाकडे बांधून देण्याची मुभा त्याने मॅजिस्ट्रेटला दिली. अनाथ आणि गुन्हेगार दोघेही एकाच ओळीत उभे करण्यात आले. गरिबी आणि गुन्हा यांची ही सांगड पुढच्या जवळजवळ प्रत्येक कायद्यात दिसते. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून औद्योगिक सुधारशाळा उभी राहिली. १८७६ साली सुधारशाळांचा म्हणजे रिफॉर्मेटरी स्कूलचा कायदा झाला, आणि १८९७ साली तो नव्याने केला गेला. पंधरा वर्षांखालच्या दोषी मुलग्याला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे अशा शाळेत ठेवता येऊ लागले. पुण्याजवळ येरवड्याला अशी रिफॉर्मेटरी होती.

या सगळ्यात एक तरतूद अशी आहे की, ती वाचली की वर्ग आधी हसतो आणि मग गप्प होतो. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने बालगुन्हेगाराला इतर शिक्षेऐवजी फटके देण्याची सोय केली. ते कसे द्यायचे? हलक्या छडीने, शाळेतल्या शिस्तीच्या पद्धतीने. ज्या मुलाने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याच्या वाट्याला शाळेतली छडी मात्र सरकारने न चुकता आणून दिली. फटक्यांची ही शिक्षा १९५५ साली रद्द झाली.

परंतु हे सगळे कायदे निदान एक गोष्ट मानत होते. मुलाने काही केले असल्याशिवाय किंवा ते निराधार असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तेवढेही शिल्लक ठेवले नाही. हा कायदा करताना जो युक्तिवाद मांडला गेला तो प्रत्येक दलित विद्यार्थ्याने नीट समजून घेतला पाहिजे. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. जातीने धंदा ठरतो. तेव्हा काही जातींचा परंपरागत धंदा गुन्हा हाच असला पाहिजे. म्हणजे साहेबाने मनूकडून जात घेतली आणि तिला पोलिसाचे शिक्कामोर्तब दिले. इंग्रजांनी या देशात कायद्यापुढची समता आणली असे म्हणणाऱ्यांनी या एका कायद्याकडे पाहावे; आणि सगळे पाप इंग्रजांच्या माथी मारणाऱ्यांनी तो युक्तिवाद कोणत्या समाजरचनेतून उचलला होता तेही पाहावे.

१८९७ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. अशा जमातींच्या चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ च्या कायद्याने हे सारे देशभर लागू करता येऊ लागले आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. १९२४ साली हा कायदा एकत्रित स्वरूपात आला, त्यात मुलाचे वय सहा ते अठरा असे धरले आहे. मुलाने काय केले हा प्रश्न तिथे नव्हताच. त्याचे वय किती यावर वाद झाला तर जिल्हा मॅजिस्ट्रेटचा निर्णय अंतिम होता.

आता याच्या शेजारी दुसरी हजेरी ठेवून पाहा. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये, टिळक-आगरकर डोंगरीत असतानाच, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. ती मानली गेली नाही. पुढे मार्च १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. ते अगदी सौम्य होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरते, तेही जिथे स्थानिक संस्था तयार असतील तिथेच. मार्च १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. मी ही दोन वर्षे फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. १९११ : मुलांना आईबापांपासून तोडण्याचा अधिकार असलेला गुन्हेगार जमाती कायदा देशभर. १९१२ : सक्तीचे शिक्षण नामंजूर. मुलांवर सक्ती करणे तत्त्वतः वाईट, असे या सरकारला वाटत नव्हते हे यातून उघड होते. कोणाच्या मुलांवर आणि कशासाठी सक्ती करायची, एवढाच त्याचा प्रश्न होता.

याला त्या काळातला एक उजळ अपवाद आपल्याच भागातला आहे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरीची पद्धत बंद केली. अवघ्या एका वर्षाच्या अंतराने एका राजाने एक हजेरी सुरू केली आणि दुसरी संपवली. हे दोन निर्णय पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या ठिकाणी येतात, म्हणून त्यांचे नाते मुलांच्या लक्षात येत नाही. ते एकच धोरण होते.

मुंबई इलाख्यात मात्र सेटलमेंटी उभ्या राहिल्या. विजापूर, हुबळी, सोलापूर. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग-गारुडी कुटुंबे राहिली आणि तिथल्या माणसांनी शहराच्या गिरण्या चालवल्या. सेटलमेंटमध्ये शाळाही होती. त्या शाळेतून काही माणसे शिकून बाहेर पडली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या शाळेत जाणे ही नजरकैदेची एक अट आहे, ती शाळा आणि फुल्यांनी मागितलेली शाळा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच सेटलमेंटींचे अधिकारी असलेल्या स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी जातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे एक सभासद होते. पुढे 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिम जमाती आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती अशा तिघांना एकत्र ठेवून हिंदू संस्कृतीला जाब विचारला. या तिघांचे दुःख एकाच मुळातून आले आहे, हे त्यांनी तेव्हा सांगून ठेवले आहे.

दरम्यान शहरातल्या मुलांसाठी कायदा सुधारत गेला. १९२४ साली मुंबईचा बालक कायदा झाला आणि १९२७ साली मुंबईत बालन्यायालय सुरू झाले. मुलाला तुरुंगात टाकू नये, त्याचे घर पाहावे, त्याची परिस्थिती पाहावी, असा विचार आला. मुलांना तारण्याचा कायदा १९२४ चा, आणि जातीवरून मुलांना तोडण्याचा एकत्रित कायदाही १९२४ चाच. ज्या मुलाची 'परिस्थिती' पाहायची आणि ज्या मुलाची जात पाहायची, अशा दोन जातींची बालके त्या एका वर्षात कागदावर शेजारी उभी आहेत.

गुन्हेगार जमाती कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. माणसे विमुक्त झाली. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि १९५९ साली मुंबई राज्याचा भिक्षाप्रतिबंधक कायदा आला. त्याने भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, रस्त्यावर वस्तू विकायला पुढे करणे हेही घातले. डोंबारी, गोपाळ, नंदीवाले, जोशी यांचे पिढीजात पोट ज्या कलेवर, ती कला एका ओळीत गुन्ह्याच्या हद्दीत आली. आईबरोबर दोरीवर चालणारी पोरगी कलावंत की भिकारी, हे पोलीस ठरवणार. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आपल्याकडे आली तेव्हा मराठी वाचक हादरला. त्या वाचकाने हे कायदे आधी वाचले असते तर तो हादरला नसता, त्याला लाज वाटली असती.

३

हे सगळे व्याख्यानात सांगून टाकणे सोपे आहे. मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यांना शोधायला लावायचे तर साधने लागतात, आणि आपल्या मुलांपाशी ग्रंथालये नाहीत, अभिलेखागारात जायला गाडीभाडे नाही. तेव्हा जे गावात आहे त्यातूनच सुरुवात करावी लागते. आम्ही तीन ठिकाणांहून सुरुवात करतो.

पहिले, कायद्याची संहिता. कायदा हा वकिलांचा विषय आहे ही भीती आधी घालवावी लागते. मी मुलांना फक्त व्याख्यांची कलमे देतो. 'मूल' कोणाला म्हटले आहे? वय किती धरले आहे? ठरवणार कोण? त्याविरुद्ध दाद कुठे? या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कायद्यातून काढून तक्ता करायचा. तो तक्ता भरता भरता मुलांना दिसते की, भारतीय दंडसंहितेने १८६० मध्ये सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हेगार मानले नाही, आणि २०२४ च्या जुलैत लागू झालेल्या नव्या न्याय संहितेतही तीच सीमा कायम आहे. पण मधल्या काळात काही जातींच्या चार वर्षांच्या मुलांना आईपासून तोडता येत होते. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने मुलग्यासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा वर्षे धरली, २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा केली, २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. वय ही निसर्गाने दिलेली गोष्ट आहे असे मुलांना वाटत असते. तक्ता पुरा झाला की कळते, कोणाचे बालपण कधी संपते हे राज्यसंस्था ठरवत आली आहे.

दुसरे, शाळेचा दाखला. प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसांच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहून यायची. दुसऱ्या दिवशी वर्गात एकच तारीख पुन्हा पुन्हा वाचली जाते : १ जून. आजोबांची १ जून, चुलत्याची १ जून, आईची १ जून. वाचकांपैकी अनेकांच्या दाखल्यावरही तीच असेल. जन्माची नोंद नाही, आईला तिथी आठवते ती पूर किंवा दुष्काळ धरून, आणि शाळा जूनमध्ये सुरू होणार. मग गुरुजींनी पोराची उंची पाहून वर्ष टाकले आणि १ जून लिहिली. आजवर या गोष्टीवर आपण हसत आलो. पण २०१५ च्या कायद्याचे ९४ वे कलम वाचा. मुलाचे वय ठरवायला पहिला पुरावा शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तेव्हाच हाडांची वैद्यकीय तपासणी. ही तपासणी अंदाज देते, तारीख देत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या ज्या पोराचे नाव कुठल्याच शाळेच्या पटावर नाही, ते बालक आहे हे त्याला आपल्या हाडांवरून सिद्ध करावे लागते. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली १ जून ही पोरासाठी केवढे छत्र होती, हे मुलांना तेव्हा उमगते.

तिसरे, गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही जुनी रजिस्टरे पाहतो. त्यातला एक रकाना आम्ही विशेष वाचतो : शाळा सोडल्याचे कारण. 'सतत गैरहजर', 'परगावी गेल्याने', 'पटावरून नाव कमी केले'. नावे टिपायची नाहीत, फक्त वर्ष, इयत्ता, जात आणि कारण. इयत्तावार मांडणी केली की कोणत्या वस्तीतली मुले कुठे गळाली ते दिसते. ऊसतोडीला जाणाऱ्यांची गळती एका प्रकारची, पालावर राहणाऱ्यांची दुसऱ्या प्रकारची. तुरुंगाचा इतिहास शोधायला गेलेली मुले शाळेच्या कपाटापाशी येऊन थांबतात, याचे बाहेरच्यांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही.

यांखेरीज म्हाताऱ्या माणसांची तोंडी साक्ष आहेच. सेटलमेंटमध्ये बालपण गेलेली थोडी माणसे अजून हयात आहेत. त्यांच्याकडे जाताना मुलांनी प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नये, असा आमचा नियम आहे. आधी बसायचे, चहा प्यायचा, विचारायचे एवढेच की, लहानपणी सकाळ कशी व्हायची. एका आजीने सांगितले, सकाळ भोंग्याने व्हायची आणि संध्याकाळ नाव पुकारून. एवढ्या एका वाक्यातून मुलांनी पानभर टिपण लिहिले.

आणि एक गोष्ट आम्ही करत नाही. आज निरीक्षणगृहात असलेल्या मुलांना 'पाहायला' आम्ही जात नाही. सहलीसाठी प्राणिसंग्रहालय असते, कोंडलेली मुले नसतात. २०१५ च्या कायद्याचे ७४ वे कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करते. त्याच कायद्यात मुलाला नवी सुरुवात करता यावी हे तत्त्व आहे आणि ठरावीक काळानंतर त्याच्या अपराधाच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. संशोधक नोंदी जपण्यामागे असतो, इथे नोंद नष्ट होण्यात न्याय आहे. हा पेच वर्गात मांडला की मुले फार गंभीरपणे बोलतात. ज्यांच्या पणजोबांची नावे पोलिसांच्या रजिस्टरात बोटांच्या ठशांसह पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांना नाव पुसले जाण्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. म्हणून आमचा नियम : व्यवस्थेचे नाव लिहायचे, मुलाचे नाही.

हाच पेच मोठ्या रूपात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने तुरुंगात जातीवरून कामे वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढायला सांगितले, आणि तुरुंग नियमावल्यांतून विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारी भाषा हटवण्याचा मार्ग मोकळा केला. १८७१ चा युक्तिवाद २०२४ पर्यंत नियमावलीत जिवंत होता, हे या निकालाने देशापुढे आणले. मुलांनी त्यावर विचारले, रकाना गेला तर कोणत्या जातीची माणसे आत जास्त आहेत हे कळणार कसे? प्रश्न बरोबर आहे. पहारेकऱ्याच्या हातातला जातीचा रकाना आणि अन्याय मोजणाऱ्याच्या हातातला जातीचा रकाना यांत भेद करायला शिकणे, हे चळवळीतल्या कार्यकर्त्यालाही आवश्यक आहे.

४

या कामात खरी कसोटी लागते ती वर्गातल्या भांडणात. दरवर्षी एखादे मूल उठते आणि म्हणते, 'सर, इतिहास खरा असेल, पण आमच्या वस्तीशेजारचे पारधी चोऱ्या करतातच.' हे म्हणणारे मूल सवर्णच असते असे नाही. ते बौद्ध असते, मातंग असते. ज्याच्या पणज्याने चावडीवर हजेरी दिली त्याचा पणतू शेजारच्या पालाकडे पाटलाच्या नजरेने पाहतो. ही गोष्ट या त्रैमासिकात बोलायची नाही तर कुठे बोलायची? जातिव्यवस्थेचे विष उतरंडीने खाली झिरपते, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी लागतो. दलित चळवळीने विमुक्तांना सभेत बोलावले, ठरावात घेतले; परंतु पोलिसांनी पालावरून पोर उचलले तेव्हा आपल्यातले किती जण ठाण्यावर गेले?

अशा मुलाला मी गप्प करत नाही. त्याने जे विधान केले ते तपासायला देतो. चोरी झाली हे तुला कोणी सांगितले? पकडले कोणाला? सिद्ध झाले का? पकडलेल्या पोराचे नाव कुठल्या शाळेच्या पटावर होते? एका वर्षी असेच म्हणणारा मुलगा महिनाभराने रजिस्टरातली आकडेमोड घेऊन आला. त्याने मत बदलले असे तो म्हणाला नाही. एवढेच म्हणाला की, सर, पहिलीत नाव घातलेल्या त्या पालावरच्या पोरांपैकी चौथीत एकही नाही. मी त्याला आणखी काही विचारले नाही. पाठीमागच्या बाकावर त्याच पालावरून आलेली एक मुलगी बसली होती. त्या वर्गात बारावीपर्यंत आलेली ती एकटी.

दुसरे भांडण वयाचे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अमानुष अत्याचारातला एक आरोपी अठरा वर्षांखालचा होता. त्या संतापातून २०१५ चा कायदा आला. मुली विचारतात, 'तो सुटायला हवा होता का?' या प्रश्नाला टाळीचे उत्तर नाही. ज्यांच्या वस्तीतल्या स्त्रियांवरचे अत्याचार देशाला कधी दिसले नाहीत, त्या मुलींचा राग मी उपदेशाने शमवू पाहत नाही. मी एवढेच दाखवतो की, सोळा वर्षांच्या मुलाला गुन्ह्याचे परिणाम समजत होते की नाही हे ठरवण्याचा अधिकार आता बाल न्याय मंडळाला मिळाला आहे. आणि एखाद्या मुलाला परिणाम कळत होते असे कोणाकडे पाहून चटकन वाटते आणि कोणाकडे पाहून वाटत नाही, हा प्रश्न जातीच्या देशात निरागस राहू शकत नाही.

मग पुण्याचे प्रकरण येतेच. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या एका श्रीमंत मुलाच्या मोटारीने दोन तरुण जीव घेतले. काही तासांतच त्याला जामीन मिळाला. अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिही, ही त्यातली एक अट. देशभर आरडाओरडा झाला, आदेश बदलला, मुलगा निरीक्षणगृहात गेला, आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितले. आमच्या वर्गात त्यावर जी चर्चा झाली ती वर्तमानपत्रांपेक्षा शहाणी होती. एक मुलगी म्हणाली, 'निबंध लिहायला लावणे चुकीचे नाही, पण मग ज्याने सायकल चोरली त्यालाही निबंधच द्या.' यात सगळे आले. मुलाला सुधारण्याची संधी देणारा कायदा आपल्याला नको आहे असे नाही. तो आपल्यालाही हवा आहे. त्या मुलाला फासावर द्या म्हणून ओरडणाऱ्या गर्दीत आपण सामील झालो, तर उद्या कठोर झालेला कायदा पहिल्यांदा आपल्याच पोरांवर चालेल. मागणी करायची ती अशी की, श्रीमंताच्या पोराला मिळालेले बालपण पालावरच्या पोरालाही मिळाले पाहिजे. कल्याणीनगर आणि येरवडा यांच्यामध्ये अंतर फार नाही. ते दीडशे वर्षांपासून मोजायचे राहिले आहे.

५

काही पालकांनी मला विचारले, 'गुरुजी, पोरांना डॉक्टर-कलेक्टर व्हायला शिकवा, तुरुंगाचे काय शिकवता?' एका सहकाऱ्याने सुचवले की, यामुळे मुलांच्या मनात पोलिसांविषयी विष कालवले जाईल. पालकांची काळजी मला समजते. तुरुंग हा शब्द त्यांनी पुस्तकात वाचलेला नाही, त्याची भीती त्यांच्या अंगात आहे. पण न बोलल्याने भीती जात नाही. आपल्या मुलाला पोलिसाने रस्त्यात अडवले तर त्याला ठाऊक असले पाहिजे की, अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते, आणि आईबापांना कळवावे लागते. शीला बर्से या पत्रकार मुलांना तुरुंगात ठेवले जाते हे घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली न्यायालयाने मुलांची जागा तुरुंगात नाही असे बजावले, आणि त्याच वर्षी देशाचा बाल न्याय कायदा झाला. एका व्यक्तीच्या चिकाटीच्या शोधकामातून हे घडू शकते. मग शोधकाम हे आपल्या मुलांच्या हातात का नसावे? आणि पोलिसांत आपलीही मुले भरती होत आहेत. त्यांनी हा इतिहास वाचून वर्दी घातली तर बिघडणार काय आहे?

चळवळीतल्या मित्रांना माझी विनंती साधी आहे. मोर्चा निघेल तेव्हा निघेल. तोवर प्रत्येकाने आपल्या गावच्या शाळेत जावे आणि या वर्षी किती मुले पटावरून कमी झाली, किती महिनोन्‌महिने गैरहजर आहेत, ते विचारावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पालावर जावे, सहा वर्षांच्या पोराचे नाव पटावर घालावे, त्याची जन्मतारीख रजिस्टरात नोंदली जाईल असे पाहावे, १ जून तर १ जून. शिक्षक मित्रांनी आपल्या वर्गात वर सांगितलेला तक्ता एकदा करून घ्यावा; त्याला खर्च काही नाही, फळा आणि खडू पुरतो. जिथे सेटलमेंट होती त्या भागातल्या विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या माणसांची साक्ष आताच लिहून घ्यावी, कारण ती माणसे आणखी दहा वर्षे थांबणार नाहीत. जे हाती येईल ते वर्गात वाचावे, वस्तीत वाचावे, आणि या पानांकडे पाठवावे. मुलांची नावे मात्र घालू नयेत.